पणजोबा १८८१ च्या जनगणनेत सापडणार नाहीत, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये सापडतील

गेल्या गणपतीत माझा आत्येभाऊ लालबागहून गावी आला तो प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद घेऊनच. "आमच्या खापरपणज्याचा नाव सरकारी कागदात गावला रे," म्हणाला. आवाज भरून आला होता. कागदावर वर मथळा ‘भारतीय जनगणना १८८१’. खाली खापरपणजोबांचं नाव आडनावासकट, जात, धंदा शेती, गाव, तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग. इंटरनेटवरच्या कुणीतरी अडीच हजार रुपये घेऊन हा ‘उतारा’ त्याला पाठवला होता.

सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. १८८१ साली देवगड रत्नागिरी जिल्ह्यात होता. शंभर वर्षांनी जन्मलेल्या जिल्ह्याचं नाव त्या कागदावर कुठून आलं, एवढंच मी विचारलं. तो पडवीत बसून राहिला, जेवायलाही लवकर उठला नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं, म्हणूनच हे लिहितो आहे.

ज्या मेसेजमुळे तो या वाटेला लागला, तो तुमच्याही ग्रुपवर आला असेल. २०२७ च्या जनगणनेत जात विचारणार हे जाहीर झाल्यापासून तो पुन्हा फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: इंग्रजांनी १८८१ साली प्रत्येक माणसाचं नाव, जात, धंदा लिहून ठेवला. ती पुस्तकं सरकारकडे आहेत आणि ७२ वर्षांनी ती सगळ्यांसाठी खुली होतात. आडनाव आणि गाव दिलं की पूर्वज सापडतो. हा उतारा जातीच्या दाखल्याला चालतो. आणि कोकणात दुसरं काही लेखी उरलेलं नसल्यामुळे हाच एक मार्ग आहे. मी वीसेक वर्षं लोकांना मोडी कागद वाचून देतो. माझ्या अनुभवात यातलं पहिलं विधान अर्धं खरं आहे, बाकीची चुकीची, आणि शेवटचं तर नुकसान करणारं.

‘१८८१ साली प्रत्येकाचं नाव लिहून ठेवलं’

लिहिलं, हे खरं. ठेवलं नाही. मुंबई इलाख्यात १८७२ सालीही गणती झाली होती, पण देशभर एकाच वेळी झालेली पहिली जनगणना १७ फेब्रुवारी १८८१ ची. तलाठी, शाळामास्तर, गावात ज्याला लिहिता येत होतं तो, असे लोक गणक झाले. घराला नंबर पडला आणि घरातल्या माणसांची नावं, वयं, लग्न झालंय की नाही, धर्म, जात, मातृभाषा, जन्मठिकाण, धंदा हे सगळं तक्त्यात भरलं गेलं. बायकांच्या बाबतीत मात्र नाव सांगायला घरचे राजी नसतील तर नुसतं ‘स्त्री’ लिहायची मुभा ब्रिटिश काळातल्या गणकांना होती. म्हणजे ते तक्ते आज हाती असते तरी आपल्या पणज्या-खापरपणज्यांची नावं त्यात मिळालीच असती असं नाही.

हे तक्ते भरले गेले ते मोजण्यासाठी. त्यांवरून बेरजा झाल्या, बेरजांचे कोष्टक झाले, कोष्टकांची पुस्तकं छापली आणि मूळ तक्ते नष्ट केले. तेव्हाच्या एकट्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास होती. तेवढ्या माणसांचे कागद दर दहा वर्षांनी साठवत जायचे, तर कचेऱ्यांना दुसरं काम करायला जागा उरली नसती. १९०१ पासून तर माणशी एक चिठ्ठी काढून त्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे मोजायची पद्धत आली. गठ्ठ्यातल्या चिठ्ठीला नावाची गरजच नव्हती.

उरलं काय, तर अहवाल आणि कोष्टकं. त्यात जिल्ह्यात अमुक जातीचे किती, तालुक्यात किती घरं, किती साक्षर, हे मिळतं. जातवार सविस्तर कोष्टकं शेवटची छापली गेली ती १९३१ ची. अनेक जण याच्याशी गॅझेटिअरची, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथाची, गल्लत करतात. रत्नागिरी आणि सावंतवाडीचा गॅझेटिअरचा खंड १८८० चा, म्हणजे १८८१ च्या गणतीच्याही आधीचा. त्यातले आकडे १८७२ चे आहेत. वाचायला तो फार सुंदर आहे, बंदरं, भातशेती, मासेमारी सगळं त्यात येतं. पण तिथे कुणाच्या घरातल्या माणसांची यादी नाही.

‘७२ वर्षांनी पुस्तकं खुली होतात’

हा नियम अमेरिकेचा. तिथे १९५० च्या जनगणनेची नावनिशीवार पानं ७२ वर्षांनी, १ एप्रिल २०२२ रोजी खुली झाली. इंग्लंडमध्ये शंभर वर्षं थांबतात. त्यांची १९२१ ची जनगणना जानेवारी २०२२ मध्ये बाहेर आली. परदेशात राहणाऱ्या कुणीतरी तिथल्या पद्धतीची माहिती लिहिली असणार आणि पुढे ढकलताना तिला ‘भारतीय’ हा शब्द चिकटला असणार. आपल्याकडे असा नियमच नाही. उलट १९४८ च्या जनगणना कायद्याचं १५ वं कलम सांगतं की जनगणनेचे तक्ते आणि नोंदवह्या पाहण्याचा हक्क कुणालाही नाही. १९५१ साली गणतीवरून नागरिकांची नावनिशीवार नोंदवही (एनआरसी) देशभर केली होती. तिचं नाव आज ऐकू येतं ते मुख्यतः आसामातल्या वादामुळे.

‘आडनाव आणि गाव दिलं की झालं’

कोकणातल्या माणसाने तरी यावर विश्वास ठेवू नये. आपली अर्धी आडनावं गावांवरून आलेली आहेत आणि ती बहुतेकदा गाव सोडल्यावर लागली. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव लावायचं कारण काय? तिथे तो बापाच्या नावाने, वाडीच्या नावाने किंवा मानाच्या कामाने ओळखला जायचा. मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत नाव लिहिताना कारकुनाने विचारलं ‘कुठला?’, आणि जे उत्तर दिलं ते आडनाव झालं, अशी हकिकत कितीतरी घरांत सांगतात. एका भावकीतले दोन भाऊ दोन आडनावांनी राहिले अशी उदाहरणं मी स्वतः कागदांवर पाहिली आहेत.

सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण बाबासाहेबांचं. घराणं सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात नाव पडलं ते ‘भिवा रामजी आंबेडकर’. ‘आंबेडकर’ हे आडनाव घेऊन कुणी १८८१ सालचा कागद शोधायला गेला, तर कागद अस्तित्वात असता तरी त्याच्या हाती काही लागलं नसतं.

गावाचंही तेच. गणतीच्या रात्री माणूस जिथे होता तिथे मोजला गेला. फेब्रुवारीत शिमग्याला अजून अवकाश होता. आमच्याकडचे चाकरमानी मुंबईत खोलीवर होते, गलबतावरचे खलाशी बंदरात होते. शिवाय सावंतवाडी, कुडाळ हा भाग संस्थानात. मुरूड, श्रीवर्धन जंजिऱ्याच्या सिद्दीकडे. आजचा रायगड तेव्हा कुलाबा. कागद शोधताना आजचा जिल्हा नाही, तेव्हाचा अंमल कुणाचा होता ते आधी बघावं लागतं.

‘जातीच्या दाखल्याला चालतो’

नाही. त्याच १५ व्या कलमाप्रमाणे जनगणनेतली नोंद दिवाणी कामात पुरावा म्हणून घेता येत नाही. महाराष्ट्रात दाखल्यासाठी ठरावीक तारखेआधीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. तो मिळतो शाळेच्या, महसुलाच्या, जन्म-मृत्यूच्या कागदांतून. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा राज्यभर कपाटं उघडली गेली ती याच दप्तरांची. विकतचा बनावट उतारा कचेरीत दिलात तर मात्र दाखला राहील बाजूला आणि तुमच्यावरच गुन्हा दाखल होईल.

‘कोकणात दुसरं काही लेखी उरलेलं नाही’

हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं. पाऊस, वाळवी आणि दमट हवा यांनी पुष्कळ खाल्लं, हे खरं आहे. तरी जे आहे ते थोडं नाही. मात्र ते मोबाइलवर येत नाही, त्यासाठी तालुक्याला जावं लागतं.

सुरुवात घरातल्या सर्वात जुन्या सातबाऱ्यापासून करावी. त्यावर वर्तुळात लिहिलेले आकडे असतात, ते फेरफारांचे, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे नंबर. एकेक नंबर धरून मागे गेलं की वारसाच्या नोंदी लागतात: अमका मयत, वारस अमके. प्रत्येक नावापुढे बापाचं नाव असतं, म्हणून एका नोंदीत दोन-तीन पिढ्या मिळतात. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला कूळ मालक झालं. त्यानंतरच्या, त्याच कायद्याच्या ३२ ग कलमाखालच्या निकालपत्रांत कुळाची आणि त्याच्या भावांची नावं आहेत. ज्यांच्या नावावर कधी जमीनच नव्हती असं आपण समजतो, अशा घरांचाही माग इथे लागतो.

त्याच्या मागे खोती, म्हणजे गावाचा सारा खोताने गोळा करून सरकारात भरायची पद्धत. १८८० चा खोती कायदा झाल्यावर कोणतं कूळ कोणती जमीन करतं आणि खोताला काय देतं, याची नोंद झाली. तिला बोटखत म्हणतात. खोताच्या घरची दप्तरंही असतात, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या पेटाऱ्यात. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, दप्तरं राहिली. खोतांच्या आजच्या पिढीला मी हात जोडून सांगतो, ती रद्दीत घालू नका. तुमच्या घरच्या त्या वहीत दुसऱ्या शंभर घरांचे पणजोबा आहेत.

गाव नमुना १४, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, ती जन्म-मृत्यूची वही. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव बहुतेकदा नसतं; ‘अमक्यास मुलगा’ एवढंच, पण तारीख आणि जात असते. मृत्यूच्या पानावर कारणाच्या रकान्यात ‘ताप’, ‘ताप’, ‘ताप’. १९१८ च्या पावसाळ्यानंतरची, इन्फ्लुएंझाच्या साथीतली पानं वाचताना माझं बोट आजही थांबतं. एकाच घराची तीन नावं एका आठवड्यात.

शाळेचं जनरल रजिस्टर हे आणखी एक. फौजेतल्या घरांनी पलटणीचे आणि पेन्शनचे कागद बघावेत. दापोली परिसरात पेन्शनर सुभेदार-हवालदारांची वस्तीच होती. ख्रिस्ती घरांसाठी चर्चमधली बाप्तिस्म्याची रजिस्टरं. त्र्यंबकेश्वर-नाशिकला कुणी पूर्वज जाऊन आला असेल, तर तिथल्या उपाध्यायांच्या वहीत त्याची नावनिशी असू शकते. आणि घरात ‘एक भाऊ मिरच देशाला गेला तो परतला नाही’ अशी गोष्ट सांगत असतील, तर ती मॉरिशसची आहे. रत्नागिरीकडची पुष्कळ माणसं गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, तिकडे गेली. त्यांची नावं, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव हे मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतल्या दप्तरात आहे, काहींचे फोटोसुद्धा. जनगणनेत न मिळणारा पूर्वज तिथे चेहऱ्यासकट मिळू शकतो.

अडचण एकच, लिपी. १९५० पर्यंतच्या पुष्कळ नोंदी मोडीत आहेत आणि त्या वाचणारी माणसं कमी होत चालली आहेत. वेगाने लिहिलेल्या मोडीत दोन नावं सहज एकमेकांसारखी दिसतात, म्हणून एका वाचनावर भरवसा न ठेवता त्याच माणसाची दुसरी नोंद ताडून बघावी. पण रोज अर्धा तास दिलात तर दोन-तीन महिन्यांत छापील मोडी वाचता येते, हस्तलिखिताला वर्ष लागतं. कॉलेजातल्या मुलांनी हे शिकावं असं मला मनापासून वाटतं.

आत्येभावाने रजा वाढवली. गौरी-गणपतीचं विसर्जन झाल्यावर आम्ही तहसीलला गेलो, अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावला, रेकॉर्ड रूमच्या बाकावर बसलो. पहिल्या खेपेला वही मिळाली नाही, दुसऱ्या खेपेला मिळाली. कडा वाळवीने खाल्लेली, मधलं पान शाबूत. त्याचे पणजोबा १९१८ साली कार्तिकात वारले. त्यांच्या नावापुढे बापाचं नाव होतं ते विकतच्या कागदावरच्या नावापेक्षा वेगळं. विकतच्या कागदावरचं नाव त्याने स्वतःच त्या माणसाला फॉर्ममध्ये भरून दिलं होतं, तेच त्याने परत छापून पाठवलं होतं.

मग वारसाचा फेरफार काढला. मुलगा लहान, म्हणून त्याच्या नावापुढे तीन अक्षरं: अ. पा. क. "ह्या काय?" त्याने विचारलं. अज्ञान (म्हणजे वयात न आलेला), पालनकर्ती. आणि त्यापुढे आईचं, म्हणजे त्याच्या पणजीचं नाव. घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हाळाला नावं घेताना तिच्या जागी आजवर सगळे अडखळत आले होते. सर्वपित्रीला चार दिवस असताना नक्कल हाती आली आणि त्या म्हाळाला भटजींनी विचारल्यावर त्याने तिचं नाव मोठ्याने घेतलं.