सहा रकान्यांचा तक्ता कुठे मोडतो

लिनक्सच्या इन्स्टॉलरने डिस्कवरच्या पार्टिशनांची (डिस्कच्या पाडलेल्या भागांची) नोंद कशी ठेवावी, यावरच्या माझ्या लेखात मी ग्राफ, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या नोंदींचं (नोडांचं) जाळं सुचवलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: इन्स्टॉलरला डिस्क, क्रमांक, सुरुवात, आकार, फाइलसिस्टम (फाइली मांडण्याची पद्धत) आणि माउंट पॉइंट (ती ज्या फोल्डरवर जोडायची तो) एवढ्या सहा रकान्यांचा तक्ता पुरे, लेखातला ग्राफ म्हणजे द्राविडी प्राणायाम. कोऱ्या डिस्कवर एकच लिनक्स टाकायचं असेल तर पुरेल. गाठ भरलेल्या डिस्कशी पडली, की नाही.

आधी मोडतो तो क्रमांकाचा रकाना. एमबीआरमध्ये, म्हणजे पार्टिशनांच्या यादीच्या (टेबलाच्या) जुन्या प्रकारात, लॉजिकल पार्टिशनं (एका मोठ्या पार्टिशनच्या आत पाडलेली) ५ पासून मोजतात. समजा ५, ६, ७ अशी तीन आहेत आणि वापरकर्त्याने ५ काढायला, ६ फॉरमॅट करायला सांगितलं. ५ उडवलं की लिनक्सच्या लेखी जुनं ६ हे ५ होतं, जुनं ७ हे ६. तुमचा तक्ता मग इमानेइतबारे ६ फॉरमॅट करतो, आणि पुसलं जातं ते जुनं ७, ज्याला कोणी हातही लावायला सांगितलं नव्हतं. म्हणून ओळख इन्स्टॉलरने स्वतः दिलेल्या आयडीने ठेवायची आणि टेबल लिहून झालं की सुरुवातीचा सेक्टर (डिस्कवरचा मोजणीचा लहान तुकडा) जुळवून नवा क्रमांक शोधायचा. जीपीटी या नव्या प्रकारात ही सरकासरकी नाही, पण जुन्या मशीनवर एमबीआर भेटतंच.

दुसरं, दोन डिस्कांवरच्या दोन पार्टिशनांचं रेड-१ (दोन्हीकडे तोच डेटा ठेवणारी जोडी), त्यावर लक्स (एन्क्रिप्शनचा थर), त्यावर एलव्हीएम (जागेची लवचीक वाटणी करणारा थर). रेडच्या ओळीत 'डिस्क' या रकान्यात काय लिहाल? इथे एका नोडला दोन पालक आहेत, त्यामुळे साधं झाडही पुरत नाही. आकारही खालून वर जसाच्या तसा पोचत नाही: लक्स २ चा हेडर (सुरुवातीला ठेवलेली माहिती) सहसा १६ एमआयबी (एक एमआयबी म्हणजे १०२४ × १०२४ बाइट) खातो, एलव्हीएम सहसा ४ एमआयबीच्या पटीत मोजतं. बीटीआरएफएस या फाइलसिस्टमची तऱ्हा उलटी. फेडोरा वर्कस्टेशन या लिनक्समध्ये ३३व्या आवृत्तीपासून (२०२०) रूट आणि होम ही एकाच फाइलसिस्टममधली दोन सबव्हॉल्यूम (आतले वेगळे विभाग) असतात, म्हणजे एका ओळीला दोन माउंट पॉइंट.

याच फेडोराच्या इन्स्टॉलरमागची ब्लिवेट लायब्ररी उपकरणांची रचना आणि करायच्या क्रियांची यादी वेगवेगळी ठेवते. पाडताना वरचा थर आधी, रचताना खालचा आधी. हा क्रम अवलंबित्वावरून निघतो. तक्त्यात तो हाताने लिहावा लागेल.

एक मुद्दा मात्र तुमचा बिनतोड आहे. मोकळ्या जागेची मी लेखात आयडी देऊन नोंद केली, ती चूक. शेजारचं पार्टिशन हललं की ती नोंद खोटी ठरते. मोकळी जागा दर वेळी मोजूनच काढायची, आणि बाइटमध्ये, कारण सेक्टरचा आकार डिस्कगणिक बदलतो. ५१२ बाइटच्या सेक्टरवर जीपीटीचा पहिला वापरण्याजोगा सेक्टर सहसा ३४. ४०९६ च्या सेक्टरवर तोच ६. '२०४८ पासून सुरुवात' म्हणजे पहिल्या डिस्कवर १ एमआयबी, दुसऱ्यावर ८. लेखातल्या आकृतीतून मोकळ्या जागेचा तो नोड काढला आहे.