चाळिशी कंपन्यांनी लावलेली नाही

ठाण्यात तलावपाळीवर सकाळी फिरणाऱ्या आमच्या ग्रुपवर आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय: 'चष्मा ही शंभर वर्षांपूर्वी कंपन्यांनी लावलेली सवय. पूर्वजांना तो लागत नव्हता. चष्म्याने डोळ्यांचे स्नायू आळशी होतात, नंबर वाढतो. रोज डोळे गोल फिरवा, सूर्याकडे पाहा, सहा महिन्यांत नंबर जाईल.' एका काकांनी चष्मा काढून ठेवलाही. परवा मी अगदी समोर उभा असताना त्यांनी विचारलं, "कोण?"

शंभर वर्षं हा हिशोब तर पारच चुकला. जोर्दानो या धर्मगुरूने १३०६ साली फ्लॉरेन्समधल्या प्रवचनात सांगितलं, की चष्मे करण्याची कला निघून अजून वीस वर्षंही झालेली नाहीत. पिसाच्या अलेस्सांद्रो देल्ला स्पिना या साधूने दुसऱ्याकडचा चष्मा पाहून स्वतः बनवला आणि कृती सगळ्यांना आनंदाने सांगून टाकली. धंदा करायची ही रीत नव्हे.

पूर्वजांचं म्हणाल, तर विजयनगरचे संत-तत्त्वज्ञ व्यासतीर्थ १५३९ साली वारले. त्यांच्या चरित्रात ते चष्मा लावून पोथी वाचत असल्याचा उल्लेख आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी तो दाखवून दिला. बाकीच्यांना चष्मा लागत नव्हता असं नाही, मिळत नव्हता. सुईत दोरा ओवायला नातवंडांना हाक मारणारी आजी कुणाच्या घरात नव्हती? वाचायच्या चष्म्याला आपण 'चाळिशी' म्हणतो ते उगाच नाही.

आता स्नायू. नेत्रगोल बाहेरच्या स्नायूंच्या ताणाने लांबतो आणि नजर बिघडते, हे म्हणणं न्यूयॉर्कच्या डॉ. विल्यम बेट्स यांचं, १९२० च्या पुस्तकातलं. गंमत म्हणजे जवळ-दूर पाहताना गोल लांबत नाही, हे इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंगने १८०१ मध्येच स्वतःच्या डोळ्यावर तपासलं होतं. त्याने डोळा पाण्यात बुडवला. पाण्यात बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची भिंगासारखी ताकद जवळजवळ नाहीशी होते. ती उणीव काचेच्या भिंगाने भरून काढली, तरी त्याला जवळ-दूर नजर बदलता आलीच. मग डोळा नाकाकडे वळवून गोलाच्या पुढे-मागे धातूच्या कड्या दाबल्या (वाचतानाच माझ्या डोळ्यांत पाणी आलं). गोल लांबला असता, तर मागच्या दाबाने दिसणारा उजेडाचा ठिपका पसरला असता. तो पसरला नाही. आकार बदलतं ते आतलं भिंग, आणि वय वाढतं तसं ते कडक होत जातं. बाहेरून डोळे कितीही फिरवा, ते पुन्हा मऊ पडत नाही.

'चष्म्याने नंबर वाढतो' याची तर उलट परीक्षा झालीय. मलेशियात ९४ मुलांपैकी काहींना मुद्दाम कमी नंबरचे चष्मे देऊन दोन वर्षं पाहिलं. निष्कर्ष २००२ मध्ये आला: नंबर त्यांचाच जास्त वाढला. शाळकरी वयात चष्मा घालूनही नंबर वाढतो, कारण तेव्हा डोळा वाढत असतो. दोष काचेवर येतो.

सूर्याकडे पाहणं मात्र काका, आजच थांबवा. डोळ्याच्या मागचा पडदा भाजताना दुखत नाही.

फॉरवर्डमध्ये नसलेली एक गोष्ट मी ग्रुपवर टाकली. चीन आणि तैवानमधल्या शाळांत मुलांना दिवसाउजेडी जास्त वेळ बाहेर ठेवलं, तेव्हा नव्याने मायनस नंबर लागणारी मुलं कमी झाली. त्यासाठी उपवन तलावाला सायकल फिरवली तरी चालेल. या पोस्टला दोन अंगठे आले, त्यातला एक काकांचा. चष्मा घालून दिला की न घालता, ते विचारलं नाही.