साखर मागायची आम्ही, सूट घ्यायची त्यांनी

शाळेतल्या पोषण आहारासाठी साखर अन् अंडी लोकसहभागातून उभी करा, असं सरकारचं परिपत्रक. लोकसहभाग म्हणे! कुठले लोक? आमच्या बीड जिल्ह्यात दिवाळी झाली की निम्मं गाव कोयता घेऊन कारखान्याला जातं. मागं राहतात म्हातारी माणसं आणि लेकरं. त्या म्हाताऱ्यांच्या दारात वही घेऊन मास्तरनं जायचं आणि म्हणायचं, आजी, नाचणीसत्वात घालायला साखर द्या. लेक-सून तिकडं ऊस तोडतायत आणि नातवाच्या वाटीतल्या साखरेची वर्गणी इथं आजीनं भरायची. परिपत्रक काढणाऱ्यानं एकदा माझ्यासोबत यावं ती मागायला.

2023 च्या नोव्हेंबरात आठवड्याला अंडं द्यायचं ठरलं. 2025 च्या जानेवारीत शासनानं हात वर केले. अंडा पुलाव, खीर, नाचणीसत्व ऐच्छिक. करायचंच तर गावातून उभं करा. आणि मिळतं किती? 2025 च्या दरानं पहिली ते पाचवीच्या लेकरामागं तांदूळ सोडून दिवसाला 6 रुपये 78 पैसे. त्यात डाळ, तेल, तिखट-मीठ, भाजी, सरपण सगळं. एवढ्यात स्टँडवर चहा तरी येतो का? आमच्या स्वयंपाकीण मावशी मटकी घरीच भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून आणतात. गरम खिचडीचं पातेलं उतरवायला दोघी लागतात. मानधन महिन्याला 2500.

तिजोरीत पैसा नाही म्हणतात. मग 2015 ला संपत्ती कर कुणासाठी काढून टाकला? 2019 ला कंपन्यांचा कर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला. 2023 ला नव्या करप्रणालीत पाच कोटींच्या वर कमावणाऱ्यांचा करावरचा जादा अधिभार 37 वरून 25 टक्के केला. तेव्हा कुणाला लोकसहभाग आठवला नाही! शिक्षणाच्या नावाचा सेस मात्र आमच्याही पगारातून 2004 पासून जातोय.

बरं, पोरांच्या जेवणासाठी श्रीमंतांवर वेगळा कर लावा, हे काही आक्रीत मागणं नाही. 72 च्या दुष्काळानंतर याच राज्यानं रोजगार हमीसाठी 1975 मध्ये व्यवसाय कर लावला होता. मोठ्या कामासाठी वेगळा कर लावता येतो, हे मुंबईला चांगलं ठाऊक आहे. पण त्यातही गंमत बघा, वर्षाला जास्तीत जास्त 2500. मास्तरलाही तेवढाच, करोडपतीलाही तेवढाच. म्हणजे त्याचा वर्षाचा कर आणि मावशींचं महिन्याचं मानधन सारखंच. ही मर्यादा राज्यघटनेतच आहे, तर घटनादुरुस्ती करा की, दुसऱ्या कामांना बऱ्या जमतात!

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये 2022 ला लोकांनी मतदान करून दहा लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर 4 टक्के जादा कर लावला. त्या पैशातून तिथं शाळेतल्या सगळ्या पोरांना फुकट जेवण मिळतं, गरीब-श्रीमंत न बघता. भांडवलशाहीच्या माहेरघरात हे चालतं आणि आमच्याकडं कुणी बोललं की लगेच ओरड, श्रीमंत लोक देश सोडून जातील!

जाऊ द्या. जाताना अंड्यांचे पैसे तेवढे ठेवून जा म्हणावं.