भेटायचं की शूटिंग करायचं?

परत तेच! आमच्या हिरोनं रंकाळा तलावावर भेटू म्हणून मेसेज करायचा आणि आल्या आल्या मोबाईल माझ्या हातात द्यायचा. "खालनं वर घे गं, चप्पल दिसली पाहिजे." अरे, मी भेटायला आलेय का शूटिंगला?

अंगात दोन माणसं मावतील असा टीशर्ट, जमीन झाडत जाणारी ढगळ पँट आणि पायात करकरीत कोल्हापुरी. ढगळ कपड्यांचं काही नाही, मीही घालते. चप्पल मात्र डोक्यात जाते. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या ब्रँडनं तसलीच चप्पल दाखवली, आणि कालपर्यंत "आज्जाची चप्पल" म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना एकदम अभिमानाचा झटका आला. चप्पल लाईनीत, म्हणजे चपलांच्या बाजारात, जाऊन घेतलीस काय विचारलं, तर म्हणे ऑनलाइन. म्हणजे रेक्झिनची! अस्सल चप्पलेचं कातडं बाभळीच्या सालीत कमावतात, शिवण चामड्याच्याच वादीची, खिळा नाही. 2019 पासून जीआय मानांकन, म्हणजे इथल्याच मालाला हे नाव लावायचा हक्क, आहे. हे मी सांगत बसायचं आणि त्यानं समोरच्या गाडीच्या आरशात केस बघायचे.

जरा तलावाकाठच्या संध्यामठापर्यंत चालू या म्हटलं की, "चावतीय गं." अस्सल असती तर तेल लावून मुरवता तरी आली असती, भावा!

त्यात लांबून कुणाची तरी मावशी दिसली की हिरो गायब. कोल्हापुरात मावशी दिसतेच.

रात्री मेसेज, "स्टोरीला टॅग करू?"

नको. आणि त्या फोटोतली माझी सावलीपण काप.