एरर्स इग्नोर लावा म्हणे!

पायथन ही कोडिंगची भाषा शिकणाऱ्या पोरांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, "पायथनमध्ये मराठी वापरूच नका". मुद्दे असे: मराठी तिप्पट जागा खाते, पायथनला मराठी मोजता येत नाही, सारखी नावं जुळत नाहीत, एरर आली तर एरर्स इग्नोर लावा (म्हणजे न जमणारं ते पायथनने न ओरडता टाकून द्यावं) आणि सगळ्यात उत्तम म्हणजे नावं इंग्रजीतच ठेवा. माझी भाची घणसोलीच्या त्यांच्या सोसायटीची सभासद यादी पायथनमध्ये बनवतेय, तिने हा फॉरवर्ड करून विचारलं, "मामा, मग मी इग्नोर टाकू ना?" म्हणून हे लिहितोय, नाहीतर असल्या मेसेजकडे मी बघतही नाही.

आधी इग्नोरचंच बघू, बाकीचं नुसतं अज्ञान आहे पण याने डेटा जातो.

विंडोजवर फाइल उघडणाऱ्या ओपनला एन्कोडिंग, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांची (बाइटची) अक्षरं कशी करायची तो तक्ता, सांगितलं नाही तर आपल्याकडच्या बहुतेक मशिनवर पायथन (३.१५ च्या आधीचा) सीपी-१२५२ नावाचा जुना युरोपियन तक्ता धरतो. फाइल असते यूटीएफ-८ ची, म्हणजे मराठीसकट सगळ्या लिपी मावणाऱ्या तक्त्याची. आता गंमत बघा, 'ठाणे' चे बाराही बाइट त्या तक्त्यात कुठे ना कुठे बसतात, त्यामुळे एरर येतच नाही, गुपचूप कचरा छापला जातो. 'ऐरोली' मात्र अडते, कारण ऐ चा तिसरा बाइट हेक्समधलं (सोळाच्या पायाच्या अंकपद्धतीतलं) ९०, आणि ती जागा तक्त्यात रिकामी. हलन्ताचं तेच, पहिल्या उकाराचं तेच, ए आणि झ चंही तेच. म्हणजे जी एरर तुम्हाला ओरडून सांगतेय की बाबा तक्ता चुकलाय, तिचंच तोंड दाबायचं? इग्नोर लावलं की तो बाइट उडतो आणि उरलेला कचरा तसाच पुढे जातो. ठाण्याचा कचरा सीपी-१२५२ ने उलटा एन्कोड करून यूटीएफ-८ ने वाचला तर परत 'ठाणे' मिळतं, पण ऐरोलीचा उडालेला बाइट कुठून आणणार?

दुसरीकडे, 'सुनंदा पाटील, 304' हे आस्कीमध्ये, म्हणजे फक्त इंग्रजीच्या जुन्या तक्त्यात, इग्नोर लावून एन्कोड करून बघा. उरतो स्वल्पविराम आणि 304. बाई गायब, फ्लॅट शिल्लक! उपाय काय, तर ओपनमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहा, बस.

तिप्पट जागा, हे अर्धं खरं आहे, मान्य. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षर १ बाइट आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट, काना-मात्रासुद्धा वेगळी. एसएमएसमध्येही १६० ऐवजी ७० च बसतात, तिथे खिशाला लागतं. पण सोसायटीच्या अख्ख्या यादीपेक्षा मोबाइलवर काढलेला एक फोटो मोठा असतो हो.

मोजता येत नाही म्हणजे काय? 'क्षितिज' ची लांबी पायथन ७ सांगतो कारण तो युनिकोडचे (सगळ्या लिपींतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाचे) कोड पॉइंट, म्हणजे एकेक सुटं चिन्ह, मोजतो, २००८ सालच्या पायथन ३ पासून हे असंच आहे. अक्षरं मोजायची तर त्यासाठी युनिकोडचं जोडपत्र २९ आहे, त्याच्या जुन्या नियमाने ४ यायची, २०२३ च्या १५.१ आवृत्तीत जोडाक्षरं न तोडण्याचा नियम आला तेव्हापासून ३ येतात. अक्षरं मोजणारी लायब्ररी (तयार कोड) नवी आहे का तेवढं बघा.

नावं न जुळण्याचं कारण बहुतेकदा 'कऱ्हाडकर' सारख्या नावातला ऱ. एकाने तो अख्खा टाइप केलेला असतो, दुसऱ्याने र आणि खाली नुक्ता. दिसायला डिट्टो. दोन्हीकडे एनएफसी नॉर्मलायझेशन (अशी दोन रूपं एकसारखी करायची युनिकोडची पद्धत) करा, जुळेल. (कोणी झिरो-विड्थ जॉइनर, म्हणजे न दिसणारा जोडणारा कोड पॉइंट, घुसवला असेल तर मात्र नाही जुळणार, तो आधी हाताने बदलावा लागतो.)

आणि इंग्रजीत ठेवा म्हणणाऱ्यांनी काळे आणि काले (इंग्रजीत दोन्ही Kale) वेगळे ओळखून दाखवावेत.

ज्यांनी आधीच इग्नोर लावून फाइल सेव्ह केलीय त्यांनी मूळ फाइल डिलीट करू नका, तीच यूटीएफ-८ लिहून परत उघडा.