शाब्रोल बाजारात गेला म्हणून काय बिघडलं?

"आपल्या 'मर्डर'चं मूळ घराणं फ्रेंच आहे," असं राहुल म्हणाला आणि वादाला तोंड फुटलं. विषय होता २००४ चा मल्लिका शेरावत आणि इम्रान हाश्मीचा 'मर्डर'. तो २००२ च्या हॉलिवूडच्या 'अनफेथफुल'वरून उचलला होता, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पण 'अनफेथफुल' हाच मुळी फ्रेंच दिग्दर्शक क्लोद शाब्रोलच्या १९६९ च्या 'ला फाम अँफिदेल'वरून केलेला, हे मंदारला नवं होतं.

"म्हणजे बघ," मंदार म्हणाला, "ज्याच्या सिनेमाचा 'मर्डर' होऊ शकतो, तो माणूस मुळात धंदेवाईकच असणार."

अनघाने चहाचा ग्लास खाली ठेवला. शाब्रोल हा तिचा जिव्हाळ्याचा विषय. फ्रेंच शिकली तीही अर्धी त्याच्या सिनेमांसाठी.

"मंदार, तू तो सिनेमा पाहिलायस का?"

"नाही. पण त्याचे ते हेरगिरीचे सिनेमे पाहिलेत. एक पूर्ण, एक अर्धा. अरे, ज्या माणसाने फ्रेंच न्यू वेव्हची, तरुण दिग्दर्शकांच्या त्या चळवळीची, सुरुवात केली, तो सहा वर्षांत बाँडची नक्कल करायला लागतो? त्याच्याच बरोबरचा गोदार नाही वाकला, रिव्हेत नाही वाकला. हा वाकला. नंतर चांगले सिनेमे केले असतील, पण मधलं खातं कोरं नाही."

मंदार जाहिरातींचं एडिटिंग करतो. दिवसभर साबण आणि बिस्किटं कापून झाल्यावर संध्याकाळी त्याला शुद्ध कलाच लागते. त्यामुळे त्याचा राग खरा असतो, नुसता वादासाठी वाद नसतो, आणि म्हणूनच त्याला उत्तर द्यावंसं वाटतं.

दिलीपकाकांनी सुरुवातीपासून सुरुवात केली. काकांनी बँकेत असताना वर्षानुवर्षं फिल्म सोसायटी चालवली. रिळांचे डबे स्टेशनवरून आणून, दाखवून, परत पाठवलेला माणूस. "शाब्रोल १९३० चा, पॅरिसचा. युद्धाची वर्षं काढली सार्दां नावाच्या खेड्यात. तिथे पोरवयातच एका कोठारात सिनेमे दाखवायचा. पुढे त्रुफो, गोदार, रोमेर यांच्याबरोबर 'काइये द्यू सिनेमा' या सिनेमाच्या मासिकात समीक्षा लिहिली. १९५७ ला रोमेर आणि त्याने मिळून हिचकॉकवर पुस्तक काढलं. तेव्हा हिचकॉक म्हणजे निव्वळ गल्लाभरू थरारपट करणारा, असंच पुष्कळ जण समजायचे."

"आणि ते तळ्यात पडले ते सांगा की," राहुल म्हणाला.

"हो तर. हिचकॉक 'टू कॅच अ थीफ'च्या ध्वनीच्या कामासाठी पॅरिसजवळच्या स्टुडिओत आला होता. त्रुफो आणि शाब्रोल मुलाखत घ्यायला गेले आणि अंधारात चालता चालता आवारातल्या गोठलेल्या तळ्यात पडले. बर्फ फुटला, टेपरेकॉर्डरसकट दोघं गार पाण्यात. पुढे हिचकॉक म्हणायचा, व्हिस्कीच्या ग्लासात बर्फाचे खडे वाजले की मला तुम्ही दोघं आठवता."

मंदार हसला, पण मुद्दा सोडला नाही. "काका, गोष्ट छान आहे. पण पुस्तक लिहिणं वेगळं आणि स्वतःचा सिनेमा विकायला काढणं वेगळं."

"मग पैशाचंच बोलू," अनघा म्हणाली. "पहिला सिनेमा 'ल बो सेर्ज'. पैसा कुठून आला? बायकोला आजीकडून वारसा मिळाला होता, तो लावला. त्याच सार्दांमध्ये शूटिंग. सरकारकडून दर्जासाठीचं अनुदान मिळालं, त्याच्या जोरावर दुसरा, 'ले कुझां'. त्याला १९५९ ला बर्लिन महोत्सवाचं गोल्डन बेअर. आता ऐक. या माणसाने आपली कंपनी काढली, 'अझिम'. त्या कंपनीने रोमेरच्या पहिल्या सिनेमाला पैसा घातला, रिव्हेतच्या पहिल्या सिनेमाला हात दिला. गोदारच्या 'ब्रेथलेस'च्या श्रेयनामावलीत सल्लागार म्हणून याचं नाव आहे. न वाकलेले म्हणून तू ज्यांची नावं घेतोस, त्यांना सुरुवातीला उभं करणाऱ्यांत शाब्रोल होता."

इथे मंदार गप्प झाला. हा तपशील मलाही फार महत्त्वाचा वाटतो. चळवळीतल्या नावांची यादी करताना आपण दिग्दर्शक मोजतो, पण पदरचे पैसे कोणी मोडले हे विचारत नाही.

"ठीक आहे," मंदार म्हणाला, "मग असा माणूस 'वाघाला आवडतं ताजं मांस' असल्या नावाचा सिनेमा का करतो?"

नावाचा तर्जुमा त्याने बरोबर केला होता. 'ल तीग्र एम ला शेर फ्रेश', १९६४. नायक रॉजे आनँ, तो फ्रेंच सरकारचा हेर, टोपणनाव वाघ. पुढच्याच वर्षी त्याचा दुसरा भाग. शॉन कॉनरीचा बाँड पडद्यावर येऊन नुकती दोन वर्षं झालेली, आणि युरोपात जो तो हेर शोधत होता.

"कारण १९६० चा 'ले बोन फाम' आपटला," अनघा म्हणाली. "पॅरिसमध्ये विजेच्या वस्तूंच्या दुकानात काम करणाऱ्या चार मुली. दुकानात गिऱ्हाईक नाही, घड्याळाचा काटा पुढे सरकत नाही, आणि संध्याकाळी बाहेर पडल्यावर भेटतात ते पुरुष हे असले. त्यातली एक मोटारसायकलवाल्याच्या प्रेमात पडते आणि तो तिला जंगलात नेऊन गळा दाबून मारतो. लोक भडकले. मुलींची क्रूर थट्टा केली म्हणाले. आज तोच सिनेमा त्याच्या सर्वोत्तमांत धरतात. त्यानंतरचेही बरेचसे पडले. निर्माते दारात उभं करेनात. अशा वेळी दोन रस्ते असतात. घरी बसून आपल्याला कोणी समजून घेत नाही म्हणायचं, नाहीतर मिळेल ते काम घ्यायचं."

"किंवा वाट बघायची," मंदार म्हणाला.

"कॅमेरामनने काय करायचं तोवर?" हा राहुल. तो साउंड करतो, महिन्याचे किती दिवस काम आहे याची चिंता त्याच्याइतकी आमच्यात कोणाला नाही. "ज्याँ राबिएचा कॅमेरा, पिएर जान्सेनचं संगीत, जाक गायारचं एडिटिंग. ही मंडळी त्या हेरपटांतही आहेत आणि नंतरच्या मोठ्या सिनेमांतही. तू म्हणतोस वाकला. मी म्हणतो, त्याने युनिट टिकवलं. युनिट एकदा फुटलं ना मंदार, की परत तसं जमत नाही. नजरेने कळणं असतं ते जातं."

शाब्रोलने स्वतः त्या सिनेमांबद्दल कधी आव आणला नाही. बकवास करायचीच तर मान बुडेपर्यंत करू, अशा अर्थाचं तो बोललाय. मला हे प्रामाणिक वाटतं. मंदारला ते निलाजरं वाटलं, आणि त्यावर पाचेक मिनिटं नुसता आरडाओरडा झाला, तो लिहिण्यासारखा नाही.

मग दिलीपकाकांनी हुकमाचं पान टाकलं. "१९६७ चा 'ला रूत द कोरँत'. ग्रीसमधला हेरपट, जीन सीबर्ग नायिका. मंदार, तुझ्या मते वाया गेलेला सिनेमा. त्याचा निर्माता कोण? आंद्रे जेनोव्हेस. आणि १९६८ च्या 'ले बिश'चा निर्माता कोण? जेनोव्हेस. 'ला फाम अँफिदेल', 'क ला बेत मर', 'ल बुशे', 'ला रुप्त्यूर', 'ज्यूस्त आव्हां ला न्वी', सगळे जेनोव्हेसचे. चार वर्षांत सहा सिनेमे! जगातले समीक्षक ज्याला शाब्रोलचा सुवर्णकाळ म्हणतात, त्याचा पैसा तुझ्या त्या बाजारू सिनेमातून ओळख झालेल्या माणसाने घातला."

यावर उत्तर नव्हतं. निदान माझ्याकडे तरी नव्हतं, आणि मंदारकडेही त्या क्षणी नव्हतं. त्याने विषय वळवला. "बरं. पण ते सहा सिनेमे तरी काय आहेत? खून, खून, खून. रहस्यकथाच ना?"

माझं मत मी इथेच मांडलं, आणि ते मला आजही तसंच म्हणायचंय. शाब्रोलला खुनाची गोष्ट लागायची, कारण खुनाच्या गोष्टीसाठी लोक तिकीट काढतात. एकदा माणूस खुर्चीत बसला की शाब्रोल त्याला जेवणाचं टेबल दाखवायचा. सुखवस्तू फ्रेंच कुटुंब, चांगली वाइन, शिष्टाचार, आणि त्याखाली मुरलेला हिंसाचार. 'क ला बेत मर'मध्ये पोल नावाचा घरधनी रश्शावरून बायकोला फाडून खातो, पाहुण्यांसमोर, पोराच्या देखत. सॉस कसा आटवायचा असतो यावर व्याख्यान देतो. तोवर आपल्याला एवढंच सांगितलेलं असतं की एका लहान मुलाला गाडीने उडवून पळालेला माणूस हा असावा. पण त्या जेवणानंतर पुरावा मागावासा वाटत नाही. हे काम रहस्यकथेचं की कलेचं, ते मला सांगता येणार नाही. ते एकाच वाक्यात होतं.

"आणि 'ला फाम अँफिदेल'?" राहुल म्हणाला. "तो सांगा याला. 'मर्डर' म्हणतोय ना."

अनघानेच सांगितला. नवऱ्याला बायकोचा संशय येतो. मिशेल बुके, गुबगुबीत, गुळगुळीत, सभ्य माणूस. तो प्रियकराच्या घरी जातो, चक्क गप्पा मारतो, आम्हा नवरा-बायकोत सगळं मोकळं असतं असं खोटं सांगतो. मग पलंगाशेजारी त्याला एक भलामोठा लायटर दिसतो. लग्नाच्या वाढदिवसाला त्यानेच बायकोला दिलेला. चेहरा उतरतो, हाताला पुतळा लागतो, आणि क्षणात खून. हॉलिवूडने लायटरच्या जागी काचेचा गोळा ठेवला, ज्यात हलवलं की बर्फ पडतो.

"खून क्षणात होतो," अनघा म्हणाली, "पण त्यानंतरची साफसफाई किती वेळ चालते बघ. रक्त पुसणं, बोटांचे ठसे पुसणं, प्रेत चादरीत गुंडाळून जिन्यावरून ओढत नेणं. वाटेत मागून कोणाची तरी गाडी याच्या गाडीवर आपटते, डिकीत प्रेत, भोवती माणसं जमतात. आणि आपण, मंदार, आपण त्या खुन्याच्या बाजूने जीव मुठीत धरून बसतो. पुढे बायकोला त्याच्या कोटात प्रियकराचा फोटो सापडतो, मागे नाव-पत्ता. तिला सगळं कळतं. ती काही बोलत नाही. फोटो जाळते. या लग्नात एवढं प्रेम पहिल्यांदाच दिसतं, आणि ते दिसायला एक मुडदा पडावा लागतो."

मंदारला एडिटर म्हणून शेवटच्या शॉटचं कुतूहल होतं. पोलीस नवऱ्याला घेऊन जातात, त्याच्या नजरेतून बागेत उभी बायको आणि मुलगा. कॅमेरा मागे सरकत जातो आणि त्याच वेळी झूम पुढे येत राहतो. ती दूरही जात नाही आणि जवळही येत नाही. "हे 'व्हर्टिगो'तलंच," तो म्हणाला. अगदी बरोबर, हिचकॉककडूनच आलेलं. पण तिथे त्यातून भोवळ येते, इथे ओढ. मंदारने मोबाइल काढून सिनेमाचं नाव टिपून घेतलं. मी काही बोललो नाही.

'ल बुशे', म्हणजे खाटीक, यावर मात्र सगळ्यांचं एकमत व्हायला वेळ लागला नाही. दोर्दोन्यच्या त्रेमोला गावात घेतलेला, गावातली खरी माणसं त्यात आहेत. शाळेची मुख्याध्यापिका स्टेफान ओद्रां आणि पंधरा वर्षं सैन्यात, व्हिएतनाम-अल्जीरियात काढून परतलेला खाटीक जाँ यान. तो तिला वर्गात येऊन मटणाची तंगडी देतो, फुलांच्या गुच्छासारखी कागदात गुंडाळून. पुढे ती मुलांना आदिमानवाच्या गुहा दाखवायला नेते. बाहेर कड्याखाली मुलं खाऊ खायला बसलीत. एका मुलीच्या पावावर लाल थेंब पडतो. आणखी एक पडतो. वर कड्याच्या काठावरून एका बाईचा हात लोंबतोय.

काका म्हणाले, "त्या माणसाला खुनी केलं कोणी, हे सिनेमा सांगत बसत नाही. फक्त तो सैन्यात काय पाहिलं ते अधूनमधून बोलतो. मुडदे, रक्त, वास. १९७० साली फ्रान्समध्ये अल्जीरियाबद्दल असं बोलणं सोपं नव्हतं. आणि ते त्याने खाटकाच्या तोंडी घातलं, भर थरारपटात. भाषणबाजीचा सिनेमा काढला असता तर किती जण गेले असते?"

मंदार इतका वेळ ऐकत होता. त्याची शेवटची तक्रार मला रास्त वाटली. "मान्य. पण नंतर सत्तरीच्या मध्यात परत घसरला की नाही? का घसरला? बाजाराची सवय लागली म्हणून."

घसरला, हे खरं. १९७६ चा 'फोली बुर्जुआझ' त्याच्या चाहत्यांनाही बघवत नाही. माझं म्हणणं इतकंच की ते सिनेमे वाईट आहेत ते बाजारासाठी केले म्हणून नव्हे. त्यांत त्याला कोणाबद्दल काही म्हणायचं नव्हतं म्हणून. दोनच वर्षांत 'व्हिओलेत नोझिएर' आला. बापाला विष घालणाऱ्या मुलीचं १९३३ चं खरं प्रकरण. त्यासाठी इझाबेल उपेरला कान महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक. मग ऐंशीच्या दशकात मारँ कार्मित्झ हा निर्माता मिळाला. त्याच्याकडे आधी केला इन्स्पेक्टर लाव्हार्दँचा हलकाफुलका पोलिसपट, तो चालला, आणि १९८८ ला 'यून आफेर द फाम'. दुसऱ्या महायुद्धात, जर्मनधार्जिण्या व्हिशी राजवटीत बायकांचे गर्भपात करून देणाऱ्या बाईला १९४३ साली गिलोटिनवर चढवलं, तिची गोष्ट. क्रम बघा. आधी पोलिसपट, मग हा.

"आणि 'ला सेरेमोनी'," अनघा म्हणाली. १९९५. श्रीमंतांच्या बंगल्यावर कामाला आलेली सोफी, सांद्रीन बोनेर. तिला लिहिता-वाचता येत नाही आणि ते ती जिवापाड लपवते. मालकीण चिठ्ठी ठेवते, ही घामाघूम. चष्मा नाही म्हणते, तर ते भले लोक तिला चष्म्याच्या डॉक्टरकडे सोडतात. ती आत जात नाही, दुकानातून एक स्वस्त तयार चष्मा उचलते. मालक मंडळी वाईट नाहीत, हेच त्यातलं भयंकर. ते मदत करतात, आणि प्रत्येक मदत तिला आणखी कोपऱ्यात ढकलते. पोस्टातली जान, म्हणजे उपेर, तिची मैत्रीण होते. शेवटी घरचे टीव्हीवर मोझार्टचा ऑपेरा बघत असताना या दोघींच्या हाती शिकारीच्या बंदुका येतात. व्हेनिसला दोघींना मिळून अभिनयाचं पारितोषिक मिळालं. मूळ कादंबरी रुथ रेंडेलची, रेल्वे स्टेशनवर विकत मिळणारी. "तू याला कला म्हण नाहीतर धंदा," अनघा म्हणाली, "पण हा पाहिल्यावर घरकामाच्या मावशींसाठी फ्रिजवर चिठ्ठी लावताना माझा हात थांबतो."

यावर मंदार बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "रविवारी लावू या. आधी 'ला फाम अँफिदेल', मग 'ल बुशे'. 'ला सेरेमोनी' पुढच्या रविवारी, तिन्ही एकदम झेपणार नाहीत. पण ते वाघवाले सिनेमे मी पुन्हा बघणार नाही, सांगून ठेवतो."

"कोणी सांगितलंय?" काका म्हणाले. "फक्त ते नसते तर बाकीचे झाले असते का, ते सांग."

"झाले असते," मंदार म्हणाला. "उशिरा, पण झाले असते."

"जेनोव्हेसशिवाय?" राहुलने विचारलं, आणि वाद पुन्हा तिथूनच सुरू झाला.