ओढ्याच्या दोन्ही अंगांना

27 वर्षं आरोग्य सेवक म्हणून काढली. आता निवृत्त आहे, म्हणून मोकळेपणानं लिहितो. माझ्या ओळखीतले सरपंच, सदस्य, ग्रामसेवक ही पोस्ट वाचतील तर बरं होईल. सांगायचं एवढंच, की शेजारच्या ग्रामपंचायतींनी आरोग्याचं सामान आणि काम मिळून करावं.

माझ्या एका उपकेंद्राखाली दोन गावं होती, मधे ओढा. उन्हाळ्यात पोरं ओढ्यातच क्रिकेट खेळायची, इतकी ती जवळ. पण ग्रामपंचायती दोन. एका सप्टेंबरात ओढ्याच्या अलीकडच्या गावात डेंग्यूचे रुग्ण निघाले. त्या पंचायतीकडे धुरळणीचं मशीन होतं, दोन दिवसांत गल्ल्या झाल्या. मी म्हटलं, तासभर पलीकडेही फिरवू द्या. उत्तर आलं, "मशीन आमच्या निधीतलं. हद्दीबाहेर नेलं तर ऑडिटला उत्तर कोण देणार?" पंधरा दिवसांत पलीकडची आळी तापानं फणफणली. त्यात सातवा महिना लागलेली एक पोर होती. ती सुखरूप बाळंत झाली, पण तिच्या आईनं मला दारात उभं करून विचारलं होतं, "भाऊ, ते मशीन आमच्याकडं का नाही आलं?" तिला हद्द समजावून सांगायची माझी हिंमत झाली नाही.

धुरानं फक्त उडते डास मरतात, हेही सांगायला हवं. पाण्यातली अळी तशीच राहते आणि आठ-दहा दिवसांत तिचा डास होतो. म्हणून आठवड्याला कोरडा दिवस पाळायचा, म्हणजे पाण्याची भांडी रिकामी करून सुकवायची, आणि जे पाणी उपसता येत नाही त्यात गप्पी मासे सोडायचे. गप्पी माशांचं एक चांगलं टाकं सांभाळलं तर आसपासच्या सगळ्या गावांना मासे पुरतात. प्रत्येक गावानं वेगळं टाकं बांधायचं आणि मे महिन्यात ते कोरडं पडू द्यायचं, याला काय अर्थ आहे?

टीसीएलचं, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लिचिंग पावडरचं, तर मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. लहान पंचायत वर्षाची पोती एकदम घेते आणि ओलीच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवते. ब्लिचिंग पावडरमधला क्लोरीन दमट हवेत उडून जातो. ऐन श्रावणात जलसुरक्षक इमानदारीनं टाकीत पावडर टाकतो, आणि पाण्यात क्लोरीन आहे का हे पाहायच्या ओटी टेस्टला रंगच येत नाही. गाव समजतं पाणी शुद्ध आहे. पाच गावांनी मिळून दर महिन्याला ताजा माल उचलला, एका कोरड्या खोलीत ठेवला, क्लोरीनचं प्रमाण तपासूनच वाटला, तर गॅस्ट्रोच्या किती साथी टळतील! पाणी धोक्याचं म्हणून पंचायतीला लाल कार्ड मिळाल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे.

आरोग्य खात्यानं आपल्याला आधीच एकत्र बांधलेलं आहे. सपाटीवर साधारण 5,000 लोकांमागे एक उपकेंद्र आणि 30,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकष. डोंगरी आणि आदिवासी भागात 3,000 आणि 20,000. म्हणजे सिस्टर एक, आरोग्य सेवक एक, पण पैसा, सामान आणि निर्णय मात्र गावागणिक वेगळे. पाण्याच्या बाबतीत आपण हे केव्हाच सोडवलंय. प्रादेशिक योजनेत एकाच धरणाचं पाणी कितीतरी गावं पितात, तिथे कुणी हद्द काढत नाही.

ऑडिटची भीती मी खोटी म्हणत नाही. ग्रामसेवकाच्या अंगावर वसुली निघाली तर त्याचा संसार हलतो. पण आपल्या 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यातच दोन किंवा अधिक संस्थांनी समाईक कामासाठी संयुक्त समिती नेमायची सोय आहे. दोन्हीकडचे ठराव, खर्चाचा वाटा, सामान कुणाच्या ताब्यात, डिझेल कुणाचं, एवढं लेखी झालं की ग्रामसेवकालाही आधार मिळतो. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे त्याच कामांवर खर्चायचा असतोच. गावाचा विकास आराखडा करतानाच शेजारच्या गावाशी बोला.

कुणाला ठरावाचा मसुदा हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, मी लिहून देतो. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घ्या. तोवर पावसाळा निम्मा सरलेला असेल, पण डेंग्यूचे सप्टेंबर-ऑक्टोबर अजून पुढेच आहेत.